तीन ओळींचे नकारपत्र आणि जाळीत अडकलेली पेस्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये माझी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडून मला जे पत्र आले, त्यातला मुख्य मजकूर जेमतेम तीन ओळींचा होता. तिसरी सर्व्हिस ठरलेल्या अंतरापेक्षा १,९०० किलोमीटर उशिरा झाल्याने देखभालीत हयगय झाली आहे, त्यामुळे इंजिनात गाळ साचून ते निकामी झाले, सबब वॉरंटीचा दावा मान्य करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. सोबत डीलरचे अंदाजपत्रक जोडले होते: जीएसटीसह २ लाख ८६ हजार रुपये. गाडी मार्च २०२१ मध्ये घेतलेली, ५८,४०० किलोमीटर चाललेली, आणि पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची वाढीव वॉरंटी मी पैसे मोजून घेतलेली. नकार मिळाला याचा राग होताच, पण त्याहून जास्त खटकला तो त्या पत्रातला ‘त्यामुळे’ हा शब्द. सर्व्हिस उशिरा झाली हे खरे होते. इंजिन बंद पडले हेही खरे होते. या दोहोंना जोडणारा ‘त्यामुळे’ मात्र कोणी, कशावरून आणि काय तपासून लिहिला, याचा त्या पत्रात मागमूस नव्हता. पुढचे नऊ महिने मी भांडलो तो या एका शब्दाशी.

प्रसंग ऑगस्टमधला. आईला घेऊन मी पुण्याहून कऱ्हाडला एका साखरपुड्याला निघालो होतो. साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागे, बोगदा फक्त येतानाच्या वाटेवर होता. चढाला अर्ध्याच्या पुढे गेल्यावर डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीसारखे दिसणारे लाल चिन्ह लागले आणि पाठोपाठ आई म्हणाली, “अरे, टमरेलात खडे घातल्यासारखा आवाज येतोय.” डाव्या हाताला थांबायला जागा नव्हती, मागे ट्रकांची रांग होती, म्हणून मी तशीच गाडी साधारण तीन-चारशे मीटर पुढे नेऊन एका वळणावरच्या मोकळ्या जागेत उभी केली. त्यानंतर इंजिन पुन्हा फिरले नाही. हे तीन-चारशे मीटर मी नंतरच्या प्रत्येक कागदात स्वतःहून लिहिले. ऑइल प्रेशरचा दिवा लागल्यावर इंजिन तत्काळ बंद करावे, असे मॅन्युअलमध्ये छापलेले आहे आणि मी ते तत्काळ केले नव्हते. हे लपवले असते, तर गाडीच्या संगणकातल्या नोंदींतून ते उद्या बाहेर आले असते आणि बाकीचे खरे बोलणेही वाया गेले असते.

गाडी टो करून डीलरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचली तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने पहिली शंका पाण्याची काढली. पावसाळा होता, त्यामुळे शंका गैर नव्हती. पण एअर फिल्टर कोरडा निघाला आणि ती शंका तिथेच मिटली. दुसरे त्याने सांगितले ते असे की इंजिन उघडायचे झाल्यास अठरा हजार रुपये ‘ओपनिंग चार्जेस’ लागतील आणि दावा मंजूर झाला नाही तर ते मला भरावे लागतील. याच क्षणी मी जे एक काम केले, त्याचे श्रेय माझे नाही. आमच्या भागातले गॅरेजवाले काका, ज्यांच्याकडे वडिलांची स्कूटर जायची, त्यांना मी घाटातूनच फोन केला होता आणि ते म्हणाले होते, “तुमच्या पाठीमागं इंजिन उघडू देऊ नका. उघडल्यावर आतलं काय, कुणाचं, काही कळत नसतं.” म्हणून मी जॉब कार्डवर हाताने लिहिले की इंजिन माझ्या उपस्थितीत उघडावे, काढलेले भाग व ऑइल जपून ठेवावे आणि वाद मिटेपर्यंत त्यांची विल्हेवाट लावू नये. ॲडव्हायझर म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये असं काही टाकता येत नाही.” मी म्हणालो की सिस्टीममध्ये टाकू नका, या कागदाच्या तुमच्या प्रतीवर आणि माझ्या प्रतीवर सही करा. बराच वेळ आत-बाहेर करून त्याने ती केली.

इंजिन उघडायच्या दिवशी काका माझ्याबरोबर आले. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे, उतरवल्यावर तळाशी चकाकणारा धातूचा चुरा दिसला, क्रँकवरचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचे) एक बेअरिंग जागेवरून फिरलेले होते आणि त्याचा पत्रा पापडासारखा चिरडला होता. वर्कशॉपच्या माणसांनी एवढे पाहून ‘ऑइल स्टार्व्हेशन’, म्हणजे तेल न पोहोचणे, अशी नोंद केली आणि विषय संपला असे त्यांचे मत झाले. काकांनी मात्र ऑइल पंपाची जाळी मागितली. चेंबरच्या तळाशी असलेल्या या जाळीतून पंप तेल ओढतो आणि दाबाने क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. तिथे धातू आणि धातू यांच्या मध्ये केसाहून पातळ फट असते आणि ती भरून राहणारा तेलाचा पदर हाच खरा आधार असतो. जाळी तुंबली की चेंबरमध्ये साडेचार लिटर तेल असूनही इंजिन तहानेने मरते. काकांनी ती जाळी उजेडात धरली. तिचा निम्म्याहून अधिक भाग राखाडी, रबरासारख्या लोंबत्या तुकड्यांनी झाकलेला होता. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून ओढला, तो ताणला गेला आणि सोडल्यावर परत आखडला. “हे ऑइलचं डांबर नाही. डांबर बोटाला लागतं, पुसलं की काळं होतं. ही पेस्ट आहे.”

पेस्ट म्हणजे चेंबर आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) यांच्या मध्ये लावतात ते सिलिकॉनचे सीलंट. ते बारीक एकसारखी धार धरून लावायचे असते. जास्त लावले तर बोल्ट आवळताना उरलेले आतल्या बाजूला फुगून येते, तेलात सुटते आणि फिरत फिरत जाळीवर जाऊन बसते. आणि माझ्या फाइलमध्ये पाचव्या सर्व्हिसचे, ५१,६०० किलोमीटरचे, जॉब कार्ड होते. त्यावर ‘चेंबरमधून ऑइल झिरपत असल्याची तक्रार, चेंबर काढून सीलंट लावून बसवला, वॉरंटी’ अशी नोंद होती. काम याच वर्कशॉपने केलेले, कंपनीच्या वॉरंटी खात्यावर टाकलेले, माझ्याकडून एक रुपयाही न घेता. त्यानंतर गाडी फक्त ६,८०० किलोमीटर चालली होती.

आता त्या ‘त्यामुळे’कडे परत येतो. माझ्या पाच सर्व्हिस १०,०२०, २०,३५०, ३१,९००, ४१,७०० आणि ५१,६०० किलोमीटरला झाल्या. तिसरी उशिराची हे मान्यच. वडील तेव्हा दवाखान्यात होते आणि गाडीचे रीडिंग पाहण्याची शुद्ध घरात कोणालाच नव्हती, पण हे कारण मी वादात कधी पुढे केले नाही, कारण इंजिनाला आपल्या घरच्या अडचणी कळत नाहीत. मुद्दा असा की त्या उशिरानंतर तिसऱ्या सर्व्हिसमध्ये तेल बदलले, चौथ्यात बदलले, पाचव्यात बदलले. उशिरा झालेली सर्व्हिस आणि घाटात बंद पडलेले इंजिन यांच्या मध्ये २६,५०० किलोमीटर आणि तीन वेळा बदललेले तेल होते. गाळ साचतो तेव्हा तो फक्त जाळीवर साचत नाही. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, तेल भरण्याच्या झाकणाखाली, कॅमशाफ्टच्या आसपास सगळीकडे त्याचा काळा थर बसतो. इथे व्हॉल्व्ह कव्हरची आतली बाजू चहाच्या फिक्या रंगाची, स्वच्छ होती. मी तिचे फोटो काढले, जाळीचे काढले, ताणलेल्या तुकड्याचा व्हिडिओ काढला, चेंबरमधले तेल दोन बाटल्यांत भरून त्यांवर माझी आणि वर्कशॉप मॅनेजरची सही घेतली. सही करताना मॅनेजरचा चेहरा कसा होता, ते लिहीत नाही. तो माणूस नोकरी करत होता आणि एरवी सभ्य होता.

इन्शुरन्सचा विचार करून सोडून दिला. मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड संरक्षणही मुख्यतः पाणी शिरणे किंवा खालून आपटून तेल गळणे अशा घटनांसाठी असते. माझ्या प्रकरणात तसे काहीच नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निवाडा करत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. उत्तर आले आणि ते तेच तीन ओळींचे होते. तरी त्याचा एक उपयोग झाला. पहिल्या पत्रात मी पाठवलेल्या फोटोंचा उल्लेख नव्हता आणि फोटो पाहिल्यानंतर पाठवलेल्या या दुसऱ्या उत्तरातही तो नव्हता. पुढे लेखी तक्रारीत हे वाक्य फार कामाला आले.

दरम्यान डीलरने पार्किंगचे दररोज ५०० रुपये लावायला सुरुवात केली. गाडी उघडून पडलेली, इंजिन टेबलावर, ती हलवायची कशी आणि कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते, पण मीटर चालू झाला होता. माझ्या मते ग्राहकाला टेकीला आणण्याचे हे सगळ्यात परिणामकारक हत्यार आहे. वाद हजारो रुपयांनी वाढतो आहे हे रोज सकाळी डोळ्यांसमोर आले की माणूस ‘निम्मे निम्मे करू’ या प्रस्तावाला मान डोलावतो. तो प्रस्ताव मलाही आला, तोंडी. मी तो लेखी मागितला, तो आला नाही. पार्किंगच्या आकारणीला मी त्याच आठवड्यात ईमेलने हरकत घेतली आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीच हरकत पुन्हा पाठवत राहिलो.

तेलाची एक बाटली मी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत दिली. अहवालात लोह आणि तांबे भरपूर होते, जे बेअरिंग खाल्ले गेल्यावर असणारच. लक्षवेधी होते ते सिलिकॉनचे प्रमाण. तेलातले वाढलेले सिलिकॉन मुख्यतः आत शिरलेल्या धुळीचे असते किंवा सीलंटचे. एअर फिल्टर ठीक असल्याची नोंद डीलरच्याच कागदावर होती. तेलाची आम्ल रोखण्याची क्षमता अजून पुरेशी शिल्लक होती, म्हणजे तेल जुने होऊन सडलेले नव्हते. वाहनांच्या नुकसानीचे मूल्यांकन करणाऱ्या एका परवानाधारक सर्व्हेअरनेही साडेसात हजार रुपये घेऊन वर्कशॉपमध्ये येऊन पाहणी केली आणि चार पानी अहवाल दिला. ज्या शहरात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, तिथे एका जाळीतल्या पेस्टसाठी एवढी धावपळ करावी लागावी याची गंमत वाटली, पण तज्ज्ञाच्या सहीचा कागद नसेल, तर ‘इंजिनात दोष होता’ हे ग्राहकाचे नुसते म्हणणे उरते आणि अशा तक्रारी ग्राहक आयोगापुढे टिकत नाहीत.

इथे एक निर्णय घ्यावा लागला आणि या सगळ्या प्रकरणात तोच सगळ्यात महत्त्वाचा होता असे मला वाटते. मित्रमंडळींपैकी प्रत्येक जण म्हणत होता की नवी गाडी माग, दहा लाख नुकसानभरपाई माग, मग ते खाली उतरतील. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. त्या चळवळीत अनेक वर्षे काम केलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी माझी फाइल वाचून बरोबर उलटे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. शिवाय ‘गाडीच मुळात सदोष बनली’ असे म्हटले, की तो मूळ उत्पादनदोष सिद्ध करण्याचे ओझे आपल्या डोक्यावर येते. माझ्याकडे पुरावा उत्पादनदोषाचा नव्हताच. तो होता वॉरंटीखाली झालेल्या निकृष्ट दुरुस्तीचा, म्हणजे सेवेतल्या त्रुटीचा. “जे सिद्ध करता येतं तेवढंच मागा,” ते म्हणाले, “आणि ते शेवटपर्यंत सोडू नका.”

पण त्यात एक खाच होती, ती त्यांनीच दाखवली. दोष दुरुस्तीचा म्हटले, की कंपनी म्हणणार, दुरुस्ती डीलरने केली, डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे, आमचा संबंध नाही. हे म्हणणे हवेतले नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की डीलर आणि उत्पादक यांचे नाते दोन स्वतंत्र पक्षांचे असेल, तर डीलरच्या प्रत्येक चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. त्याचा सहभाग किंवा त्याला असलेली माहिती दाखवावी लागते. म्हणून आम्ही दोघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, केले आणि कंपनीविरुद्धचे म्हणणे वेगळे मांडले: चेंबरचे काम कंपनीच्या वॉरंटी खात्यावर, कंपनीच्या मंजुरीने झाले, ते काम अधिकृत वर्कशॉपबाहेर करून घेतले तर वॉरंटी जाते, ही अट कंपनीचीच, आणि फोटो हाती असताना नकारपत्र पाठवले तेही कंपनीने, स्वतःच्या लेटरहेडवर.

नोव्हेंबरमध्ये दोघांनाही पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर एकाचेच आले. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी व्यावहारिक तपशील एवढेच की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अधिकारक्षेत्र ठरते ते वस्तूसाठी मोजलेल्या रकमेवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, आणि ५० लाखांपर्यंत ते जिल्हा आयोगाकडे आहे. माझी गाडी १० लाख ९० हजारांची, म्हणून शुल्क ४०० रुपये लागले. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही, पण मसुदा कोणा जाणकाराने तपासलेला बरा. फोटो आणि व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्रही जोडले, म्हणजे ‘हे फोटो आमच्या वर्कशॉपमधले कशावरून’ या प्रश्नाला आधीच उत्तर मिळाले.

सामनेवाल्याला लेखी म्हणणे मांडायला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस मिळतात आणि आयोग आणखी जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतो. २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. कंपनीचे म्हणणे बेचाळिसाव्या दिवशी आले. त्यात गाळाचा मुद्दा पातळ झाला होता आणि भर माझ्या तीन-चारशे मीटरांवर होता: दिवा लागल्यावर गाडी चालवली म्हणून बेअरिंग गेले. मी प्रत्युत्तरात लिहिले की दिवा लागला म्हणजे तेलाचा दाब आधीच गेलेला होता आणि तो का गेला, याचे उत्तर जाळीवर आहे. मी ताबडतोब थांबलो असतो, तर नुकसान कदाचित थोडे कमी झाले असते, हे मी नाकारत नाही. पण जाळी मी तुंबवली नव्हती. शिवाय जाळी, तुकडे आणि तेलाची दुसरी सीलबंद बाटली ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून तपासावी, असा अर्जही केला. माझा अंदाज आहे की वारे फिरले ते या अर्जाने. स्वतःच्याच मॅनेजरची सही असलेली बाटली सरकारी प्रयोगशाळेत जावी, असे त्यांच्यापैकी कोणालाच वाटले नसावे.

प्रकरण मध्यस्थीसाठी गेले. तिथे काय बोलणे झाले ते गोपनीय असते, म्हणून फक्त शेवट सांगतो. हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन असलेला इंजिनाचा खालचा भाग, कंपनीने दिले. मजुरी, तेल, कूलंट आणि गॅस्केटचा खर्च डीलरने सोसला, ओपनिंग चार्जेस आणि पार्किंगचे १ लाखाच्या वर गेलेले बिल रद्द केले. बसवलेल्या भागांवर एक वर्ष किंवा २० हजार किलोमीटरची लेखी हमी मिळाली. मी टॅक्सीचे ६३ हजार आणि मानसिक त्रासाची भरपाई सोडून दिली, प्रयोगशाळेचे आणि सर्व्हेअरचे पैसे तेवढे मिळाले. चूक कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी काही म्हटले नाही. माझ्या एका मित्राच्या मते मी फार स्वस्तात सुटू दिले. असेलही. पण माझ्या बाजूलाही ते तीनशे मीटर होते आणि नऊ महिने रिक्षाने फिरून आईचे गुडघे बोलू लागले होते.

जूनमध्ये इंजिन बसवायच्या दिवशी मी सकाळी नऊला वर्कशॉपमध्ये हजर झालो. चेंबर बसवण्याआधी मेकॅनिकने कडेने सीलंटची बारीक धार ओढली, मग आतल्या बाजूने बोट फिरवून ती एकसारखी आहे का ते पाहिले आणि एका ठिकाणी जास्त झालेले चिंधीने टिपून घेतले. ॲडव्हायझर तोच होता. मी काही म्हणायच्या आत त्याने जॉब कार्ड पुढे ओढले आणि रिकाम्या जागेत बॉलपेनने लिहिले, ‘चेंबर ग्राहकासमोर बसवला’, आणि सहीसाठी कार्ड माझ्याकडे फिरवले.